नसलेले हात

रतनाबाई उके मशीनवर अंगठा ठेवते
तेव्हा माझ्या टेबलाला जर्द्याचा वास लागतो.
चाळीस वर्षं तेंदूच्या पानाची तोंडं मोडली तिनं,
अंगठा आता चुलबंदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
लाल दिवा.
पुसून ठेवा मावशी. लाल.
पदराला नाही, या फडक्याला पुसा. लाल.
"मी मीच आहो न व बाई," ती म्हणते,
आणि पडद्यावरचं वाक्य मला मोठ्यानं वाचावं लागतं
की जुळत नाही.

एकदा चैत्रात मी एक केलं.
तिच्या नावापुढच्या चौकोनात खूण केली:
दोन्ही हात नाहीत.
ओटीपी माझ्या मोबाईलवर घेतला,
निराधारचे पैसे दोनदा मोजले
आणि ठेवले
त्या नसलेल्या हातांत.
ती मला आशीर्वाद देऊन गेली,
तोही त्याच हातांनी.

मग पोळ्याच्या पाडव्याला होमराज आला.
केंद्रात दुसरं कोणी नव्हतं, पंखा होता.
त्यानं खिशातून काडेपेटी काढली,
आत फेविकॉलची वाळलेली चकती,
माशाच्या खवल्याएवढी,
आणि तिच्यावर दुलीचंद काकाचा अंगठा.
दुलीचंद काका आषाढात गेले.
त्यांच्या तेरवीला मी जेवले होते,
भाजीत मीठ जास्त होतं, अजून आठवतं.

नाही म्हणायच्या आत त्यानं चकती काचेवर दाबली.
हिरवा दिवा.
पहिल्याच फटक्यात.

मी रद्दचं बटण दाबलं. हात कापत होता,
आहे तो.
होमराज चिडला नाही, हसला.
"रतनाबाईचे हात तू कापलेच न व, प्रणोती?
मंग माह्या काकाचा एक अंगठा राहू दे न जिता."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही
पूर्ण सुचलेलं नाही.

भंडाऱ्याला आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं.
दीड दिवस प्रिंटर कसा साफ करायचा,
आणि जेवणाआधी, सगळे घड्याळ बघत असताना,
अर्धा तास कायदा.
साहेब म्हणाले, तुमचा आयडी म्हणजे तुमची सही,
मशीन सगळं लिहून ठेवते, मिनिटासकट.
अकरा पानांच्या करारावर मी अकरा सह्या केल्या,
बाहेर मठ्ठा वाटत होते.

त्या रात्री करार पेटीतून काढला,
लग्नातल्या शालूखाली होता.
पहिल्यांदा वाचला.
"जाणूनबुजून" हा शब्द सहा वेळा आहे.
"दया" कुठेच नाही.
होमराजचं आणि माझं
एकाच कलमात बसतं,
शेजारी शेजारी, खाटेवर बसल्यासारखं.
नवरा म्हणाला, झोप आता, कोण बघते.
मी म्हटलं, मशीन बघते.
मग म्हटलं, ते जाऊ दे. मी बघितलं.

तहसीलदारांना अर्ज लिहिला, दोन नोंदी.
काकाचा अंगठा दुसरा लिहिला.
पहिली माझी: तारीख, वेळ, रक्कम,
लाभार्थीस दोन्ही हात आहेत.
हे वाक्य लिहिताना मला हसू आलं
आणि नंतर ते थांबेना,
तेव्हा मी दिवा मालवला.

आता रतनाबाईसाठी वेगळा कागद भरते:
ठसे झिजलेले, समक्ष ओळख पटवावी.
त्याला वीस दिवस लागतात, कधी चाळीस.
ती पायरीवर बसते, मला आशीर्वाद देत नाही.
"तवा तं झालं होतं," एवढंच म्हणते,
आणि माझ्याकडे बघते,
मीच काहीतरी खाल्ल्यासारखं.

अर्जाचं उत्तर आलेलं नाही.
आयडी बंद होईल, कदाचित याहून जास्त काही.
सकाळी दहाला कुलूप काढते,
काच पुसते, आधी स्वतःचा अंगठा ठेवते.
दिवा लागेपर्यंतचा तो एक सेकंद
हल्ली फार लांब झालाय.
हिरवा.
आजचा तरी.
"या मावशी," मी म्हणते, "हात पुसा."